मेन बंद केल्यावर

अण्णा मोरीत घसरून पडले, तेव्हापासून मनवाला एका जागी बसवत नव्हतं. लागलं तसं फारसं नव्हतं. कोपर खरचटलं आणि कपाळाला टेंगूळ आलं, एवढंच. पण ते पडले उजेड नव्हता म्हणून, आणि पुन्हा पडतील ही धास्ती तिला चहा गाळताना, ऑफिसची मेल लिहिताना, कुठेही गाठायची. मग ती हातातलं काम टाकून आत जाऊन बघून यायची.

फणसवाडीतल्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर ताम्हण्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेर अण्णांची खाट, आत स्वयंपाकाचा ओटा आणि कोपऱ्यात मोरी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मनवा लोअर परळला एका औषध कंपनीत नोकरीला होती. गेल्या पावसाळ्यापासून तिने बहुतेक दिवस घरूनच काम मागून घेतलं होतं, कारण अण्णा विसरायला लागले होते. आधी नावं, मग वार, मग आपण जेवलो की नाही ते. गंगाधर ताम्हणे म्हणजे आयुष्यभर कारकुनी केलेला, टाचणीसुद्धा जागच्या जागी ठेवणारा माणूस. तो आता दिवसभर फेऱ्या मारायचा. खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून खोलीत, तिथून आत मोरीपाशी. मोरी आणि शेजारचं घर यांच्यामध्ये फळ्यांची भिंत होती. तिच्यावर तळवा टेकून ते काही वेळ उभे राहायचे आणि मग पुन्हा चालायला लागायचे.

डॉक्टर म्हणाले होते, फेऱ्या मारू द्या, अडवू नका, फक्त वाटेत उजेड ठेवा. म्हणून मनवाने लोहार चाळीतल्या वीज-सामानाच्या बाजारात जाऊन एक दिवा आणला. माणूस जवळ आला की आपोआप लागणारा. शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातला भावेश तो बसवायला आला.

भावेश चाळीतली बहुतेक कामं करायचा. त्याने मोरीच्या वर मान करून बघितलं. फळ्यांच्या भिंतीवरून एक लाकडी पट्टी गेली होती. तेलरंगाचे इतके हात तिच्यावर बसले होते की ती भिंतीचाच भाग वाटायची. पट्टीच्या मध्यावर एक गोल लाकडी ठोकळा होता. त्यावर ना होल्डर, ना दिवा.

"इथे जुना पॉइंट आहे की," तो म्हणाला. "नवीन वायर कशाला खेचायची? इथूनच देतो. मेन बंद करा, ताई."

मनवाने दाराजवळचा मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, फ्रिज गप्प झाला. भावेशने स्टुलावर चढून ठोकळ्याचे स्क्रू काढले. आत काळ्या पडलेल्या, कापडाचं वेष्टण असलेल्या दोन वायरी होत्या. मध्ये जोड होता, आणि जोडावरची चिकटपट्टी वाळून कडक झाली होती. त्याने सवयीने टेस्टर लावला. टेस्टर पेटला.

"मेन बंद केलंत ना?"

"केलं."

तो खाली उतरला. स्वतः मेन बघितलं, मग मेनखालचे दोन्ही फ्यूज उपसून हातात घेतले आणि पुन्हा वर चढला. टेस्टर पुन्हा पेटला.

"ही तुमची लाईन नाय, ताई."

"म्हणजे?"

"फ्यूज माझ्या हातात आहेत आणि तरी करंट आहे. म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या तरी मीटरवरून येतोय. कोणाच्या ते आता कसं सांगू? सगळं पट्टीच्या आत आहे आणि दोन्ही वायरी काळ्या." त्याने जोडाकडे पुन्हा बघितलं. "इथे येऊन पुढेपण गेलीय कुठेतरी."

"मग आता?"

"आता काय, हे होतं तसं झाकून टाकतो. तुमच्या बोर्डावरून नवीन वायर आणतो. दुपारपर्यंत दिवा चालू."

मनवा हो म्हणायच्या बेतात होती. तिला दिवाच तर हवा होता. पण तिची नजर ठोकळ्यावरून हलेना.

"आणि ही वायर?"

"ही इतकी वर्षं होतीच ना."

"होती, पण मला ठाऊक नव्हती," ती म्हणाली. "माझ्या घरात वीज आहे आणि मला ती बंद करता येत नाही. त्यात अण्णा हात टेकून उभे राहतात त्या भिंतीला. कसं झाकू मी ते?"

भावेशने घड्याळ बघितलं. ठाकुरद्वारला एक जण त्याची वाट बघत होता.

अण्णा एवढा वेळ दारात उभे होते. ते म्हणाले, "कुशाबाला विचारा. कुशाबाची आहे ती."

"कोण कुशाबा?" भावेशने विचारलं.

"शेजारी होते आमचे," मनवा म्हणाली. "खोली विकून गेले. अण्णा, तुम्ही बसा बघू."

तिला ते खरं वाटलं नाही. अण्णा हल्ली सगळ्याच गोष्टी कुशाबाच्या नावावर घालायचे. पेपर कुशाबाने नेला, चष्मा कुशाबाकडे आहे.

शेवटी तिच्या आग्रहाखातर भावेशने एक युक्ती केली. त्याच्या पिशवीत जुना, तारेचा पिवळा बल्ब होता, होल्डरला दोन वायरी लावलेला. तो त्याने जोडावर पक्का बांधला, वरून टेप गुंडाळली आणि हात पोचणार नाही असा उंच टांगला. मेन अजून बंदच होतं. आतल्या खोलीत दिवसाही असणाऱ्या अंधारात तो बल्ब लख्ख पेटला.

"एकेकाला मेन पाडायला सांगा," तो म्हणाला. "ज्याचं पाडल्यावर हा विझेल त्याची लाईन. समजलं की फोन करा, मी येतो. तोपर्यंत हात लावू नका कोणी."

त्याने फ्यूज परत बसवले, मेन वर केलं आणि गेला.

मनवाने अण्णांना आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं. "अण्णा, या दिव्याकडे लक्ष ठेवा. विझला की मला सांगायचं. सांगाल ना?"

"सांगतो," अण्णा म्हणाले.

ती आधी वर गेली. वरच्या खोलीत रखमाबाई एकट्या राहायच्या. त्यांनी काही न विचारता मेन पाडलं आणि वर म्हणाल्या, "तू सांगेस्तोवर नाही लावत." मनवा जिना उतरून धावत आली. बल्ब पेटलेलाच होता.

"विझला होता का मध्ये?"

"कोण?" अण्णा म्हणाले.

ती पुन्हा वर, पुन्हा खाली. मग दुसऱ्या मजल्यावर, आपल्या खोलीच्या बरोबर खालच्या घरात. तिथे वेलणकर आजोबांनी आधी सगळी हकीकत ऐकून घेतली, मग सोसायटीत अर्ज कर म्हणाले, मग मेन पाडलं. बल्ब चालूच. मग आपल्याच मजल्यावर पलीकडच्या बाजूला. तिथेही तेच. धावाधावीने तिला धाप लागली होती, ऑफिसचा फोन दोनदा वाजून बंद झाला होता, आणि एकच दार राहिलं होतं. सगळ्यात आधी ठोठवायला हवं होतं ते. ते तिने टाळलं होतं.

कुशाबा परबांची खोली ज्यांनी विकत घेतली ते ठाण्याला राहायचे. त्यांनी ती भाड्याने दिली होती. विनीत आणि किर्ती हे नवरा-बायको आणि त्यांची दोन वर्षांची मुलगी असे तिघं तिथे राहायचे. सुरुवातीला हसणं-बोलणं होतं. मग एकदा दुपारी अण्णा सरळ त्यांच्या घरात शिरले आणि कुशाबाची वाट बघत त्यांच्या पलंगावर बसून राहिले. किर्ती मुलीला निजवत होती. ती दचकली, ओरडली. संध्याकाळी तिने मनवाला गॅलरीत गाठून सांगितलं, "तुम्ही त्यांना आत ठेवत जा ना. मला भीती वाटते." मनवा दिवसभराची दमलेली होती. "ते या मजल्यावर तुमच्या जन्माआधीपासून फिरताहेत," ती म्हणाली. त्यानंतर दोघी एकमेकींना बघितलं की मान खाली घालायच्या.

तिने दार ठोठावलं. विनीतने उघडलं. कानात हेडफोन, एका हाताने थांबा अशी खूण. मग त्याने एक कान मोकळा केला.

"मिनिटभर मेन बंद करता का तुमचं?" मनवाने विचारलं आणि भराभर सगळं सांगितलं.

"आत्ता नाही जमणार हो, कॉलवर आहे. शनिवारीसुद्धा सोडत नाहीत." तो वाईट बोलत नव्हता, घाईत होता. "आणि आमचं नसणार ते. मालकांनी सगळं नवीन वायरिंग करून दिलंय. आम्ही यायच्या आधीच."

"फक्त मिनिटभर."

"संध्याकाळी बघू या का?"

दार लागलं. मनवा गॅलरीत उभी राहिली. खाली वाडीत कोणी मोटारसायकल काढायचा खटाटोप करत होतं. संध्याकाळपर्यंत थांबायला काय हरकत होती? ती वायर इतकी वर्षं तिथे होती. पण दिवाळीपासून तिला घरात मधूनमधून एक वास यायचा. इस्त्री कपड्यावर विसरल्यावर येतो तसा. ती नाक वर करून घरभर हुंगत फिरायची, गॅस बघायची, फ्रिजच्या मागे वाकायची. ऑफिसातल्या मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "तुला झोप कमी पडते, मनवा." ते तिला पटलंही होतं.

ती आत आली आणि फोनवर कुशाबा परबांचा नंबर शोधायला लागली. कुशाबा माझगावच्या गोदीत फिटर होते. बायको गेल्यावर ते शीवला लेकीकडे राहायला गेले. गणपतीत त्यांचा एक फोन यायचा, तेवढाच काय तो संबंध उरला होता. लेकीने फोन उचलला, आणि मग बराच वेळ कोणाला तरी मोठ्याने समजावल्याचा आवाज येत राहिला.

"कोण? मनू काय गो?" कुशाबांचा आवाज बारीक झाला होता. "बापूस बरो आसा मां?"

"बरे आहेत, काका. एक विचारायचं होतं. आमच्या मोरीवर लाकडी पट्टी आहे ना, तिच्यात वायर कोणाची आहे?"

तिला ते पुन्हा मोठ्याने विचारावं लागलं. मग कुशाबा हसले.

"माझी ती. म्हणजे आता माझी कसली, त्या लोकांची. अगो, तुझ्या बापसाने आणि मी घातली ती दोघांनी. तू पाळण्यात होतीस. फळ्यांना मधे भोक पाडला आणि एकच दिवो लावला. हयसून तुमची मोरी, थयसून आमची. एका दिव्यात दोन घरांच्या आंघोळी." ते पुन्हा हसले, मग खोकले. "करंट माझा. पट्टी तुमच्या अंगाला, कारण आमच्या बाजूला फडताळ होता. मग चाळीची दुरुस्ती झाली तेव्हा भोक बुजवला. दिवो गेलो. वायर कोण काढता? तीच पुढे माझ्या मोरीत नेली मी, माझ्या दिव्याक."

"म्हणजे अजून तिच्यातून शेजारच्या मोरीत वीज जाते?"

"मालकान बदलली नसली तर जाता. आणि तो कसली बदलता? दिसता तेवढा बदलला असणार." कुशाबांच्या आवाजातलं हसू गेलं. "मनू, ती फक्त दिव्याची वायर हा. बारीक. थंय त्यांनी जड काय लावूक नाय मां?"

मनवाला आठवलं. दिवाळीच्या आधी शेजारी गीझर आला होता. खोकं तीन दिवस गॅलरीत पडलेलं होतं आणि अण्णा त्याला अडखळले होते.

"मंद झाला," अण्णा आतून म्हणाले.

"काय, अण्णा?"

"दिवा. मंद झाला."

ती आत गेली. बल्ब खरंच मंदावला होता. मघाचा पिवळा उजेड आता तांबूस झाला होता. भिंतीपलीकडे नळाचा आवाज आला, बादलीत पाणी पडायला लागलं आणि लहान मुलीचं किरकिरणं ऐकू आलं. अण्णा उठून मोरीपाशी गेले आणि नेहमीप्रमाणे तळवा पट्टीखालच्या फळीवर टेकला. मनवाने त्यांचा हात धरून बाजूला केला आणि आपला हात तिथे लावून बघितला.

फळी कोमट होती. तिने टाचा उंचावून बोटं वर सरकवली, पट्टीपर्यंत. तिथे बोट ठेववेना. रंगाला बारीक फोड आले होते आणि तो वास तिथे होता.

फोनमध्ये कुशाबा अजून "मनू, मनू" करत होते. तिने फोन ओट्यावर ठेवला, अण्णांना हाताला धरून गॅलरीत आणलं आणि शेजारचं दार मुठीने वाजवलं. या वेळी किर्तीने उघडलं. बाह्या वर सारलेल्या, हात ओले.

"गीझर चालू आहे?" मनवाने विचारलं.

"हो. का?"

"माझ्याकडे चला. आत्ता. मुलीला घेऊन चला."

किर्तीने मोरीतून मुलीला टॉवेलात गुंडाळून उचललं आणि आली. येताना अण्णांच्या बाजूने जरा अंग चोरून आली. मनवाच्या आतल्या खोलीत ती पहिल्यांदाच पाऊल ठेवत होती. मनवाने तिचा ओला हात पुसून दिला, तो धरून फळीवर ठेवला आणि लगेच काढला.

"गरम आहे," किर्ती म्हणाली.

"तुमच्या गीझरची वीज इथून जाते. माझ्या भिंतीतून. हा बल्बही तुमचाच. गीझर लावलात की हा मंद होतो."

किर्तीने बल्बकडे बघितलं, मग पट्टीकडे. पट्टीच्या वरच्या कडेतून, माळ्याच्या फळीला ती जिथे भिडत होती तिथून, धुराचा एक बारीक धागा वर जात होता. आधी मनवालाही तो दिसला नव्हता. माळ्यावर जुन्या गाद्या होत्या, आईच्या साड्यांची ट्रंक होती, कागदी खोकी होती.

किर्तीने मुलीला मनवाच्या हातात दिलं आणि ती धावली. पलीकडून विनीतचा आवाज आला, "अगं, एक मिनिट, क्लायंट बोलतोय," आणि मग खट्कन आवाज झाला. बल्ब विझला.

"काय केलंस? कॉल गेला माझा," विनीत म्हणाला. फळ्यांतून सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

"जाऊ दे तो कॉल. इकडे ये."

तो आला तेव्हा मनवा स्टुलावर चढून माळ्यावरच्या गाद्या एका हाताने ओढत होती आणि दुसऱ्या हातात त्याची मुलगी होती. त्याने आधी मुलीला घेतलं. मग धूर बघितला आणि मुलीला बायकोकडे देऊन स्वतः माळा रिकामा करायला लागला. त्याने ओल्या फडक्याचं नाव काढलं तसं मनवाने त्याला अडवलं. "पाणी नको. पहिल्यांदा भावेशला येऊ दे." विनीतने लगेच भावेशला फोन लावला. धूर हळूहळू विरला. मुलगी टॉवेलातून हात काढून अण्णांच्या चष्म्याकडे बघत होती.

भावेश आला तो जिना धावत चढून. त्याने शेजारचं मेन आणि मनवाचं मेन दोन्ही पाडून घेतली, स्वतः टेस्टर लावून खात्री केली आणि पटाशीने पट्टीचं झाकण उचकटलं. कापडाचं वेष्टण आणि त्याखालचं रबर काळ्या भुकटीसारखं खाली सांडलं. तांबं उघडं पडलं होतं. पट्टीचा तळ हातभर जळून कोळसा झाला होता, आणि मागची फळीही काळवंडली होती. शेजारच्या मोरीत दोन नव्या चकचकीत वायरी भिंतीतून बाहेर येत होत्या. आत त्या याच काळ्या वायरींना पिळून जोडल्या होत्या.

"नवीन वायरिंग," विनीत म्हणाला.

भावेशने पटाशी खाली ठेवली. "ताई, सकाळी मी हे झाकून गेलो असतो," तो म्हणाला. "मला काय माहीत पुढे गीझर आहे म्हणून."

मनवा ओट्याला टेकली. तीसुद्धा हो म्हणायच्या बेतातच होती. ओट्यावरचा फोन केव्हाच बंद झाला होता. तिने कुशाबांना परत लावला आणि सगळं सांगितलं. ते ऐकून त्यांनी फक्त "देवा" म्हटलं, आणि मग पुन्हा विचारलं, "आणि गंगाधर?"

विनीत मालकांना फोन लावत होता. तिकडून बराच वेळ काहीतरी समजावलं जात होतं आणि विनीतचा आवाज चढत होता. शेवटी तो म्हणाला, "तुम्ही या आणि डोळ्यांनी बघा. तोवर काम मी करून घेतोय." त्याने फोन ठेवला. मनवाकडे वळून काही बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात भावेशने त्याला स्टूल धरायला बोलावलं.

रविवारभर ठोकाठोक चालली. दोन्ही घरांच्या वायरी वेगवेगळ्या झाल्या, गीझरला जाड वायर त्यांच्याच बाजूने मीटरपासून सरळ गेली, अर्थिंगची हिरवी वायर पहिल्यांदाच चाळीच्या त्या टोकाला पोचली. जळकी फळी काढून नवी ठोकली. त्या दिवशी किर्ती मुलीला घेऊन दिवसभर मनवाकडेच होती. तिच्या घरात बसायला जागाच उरली नव्हती. दुपारी मनवाने पिठलं-भात टाकला. अण्णांनी किर्तीला विचारलं, "कुशाबाची सून का तुम्ही?"

"नाही, मी किर्ती. शेजारी राहते."

"बरं, बरं." ते गॅलरीत जाऊन आले. "कुशाबाची सून का?"

"नाही हो, मी किर्ती," ती म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हाही तिने तेच, तितक्याच शांतपणे सांगितलं. जेवताना मात्र ती मनवाला म्हणाली, "त्या दिवशी मी फार घाबरले होते."

"मीपण तुम्हाला टाकून बोलले," मनवा म्हणाली. दोघींनी तो विषय तिथेच ठेवला.

नव्या दिव्याचं मात्र बिनसलं. भावेशने तो मोरीवर बसवला. अण्णा जवळ गेले आणि दिवा आपोआप लागला. ते तिथेच थबकले. "आत कोणीतरी आहे," म्हणाले आणि मागे फिरले. मागे फिरल्यावर दिवा विझला, तेव्हा आत गेलेला माणूस आता निघून गेला असं समजून पुन्हा पुढे आले. पुन्हा दिवा लागला. मनवाने हात धरून नेलं, समजावलं, रागावली, स्वतः आत जाऊन दाखवलं. ते मोरीत पाऊल ठेवीनात. सोमवारी सकाळी भावेशला बोलावून तो दिवा उतरवावा लागला. त्याने साधा बल्ब लावला आणि मोरीच्या कठड्याजवळ, अण्णांचा हात जाईल तिथे, काळा खटक्याचा स्विच बसवला. अण्णांनी तो दाबला, उजेड पडला, आणि ते आत गेले.

वायर गेली, वास गेला, तरी मनवाचं हुंगणं गेलं नाही. कामाच्या मधे ती उठायची आणि नव्या फळीला हात लावून यायची. फळी गार असायची. अण्णाही तिथे हात टेकायचे, मग हात काढून तळव्याकडे बघायचे. त्यांना ती ऊब आवडायची की काही बिघडलंय हे कळत होतं, ते मनवाला कधीच समजलं नाही. विचारायची सोय नव्हती.

पुढच्या रविवारी तिने त्यांना शीवला न्यायचं ठरवलं. कुशाबांनी फोनवर दोनदा म्हटलं होतं, "आणून दाखव तरी त्याका." टॅक्सीत अण्णा सारखे दाराच्या कडीकडे हात न्यायचे. भायखळ्याला त्यांना उतरायचं होतं, परळला उतरायचं होतं, दादरला तर ते फारच हट्टाला पेटले. मनवा त्यांचा हात मांडीवर धरून बसली आणि आपण उगाच निघालो असं तिला वाटत राहिलं.

शीवच्या इमारतीत लिफ्ट होती. कुशाबांची लेक दमयंती दार उघडून उभीच होती. कुशाबा आतून काठी टेकत आले. पूर्वीचे आडव्या अंगाचे, दाट मिशीचे कुशाबा आता वाळून अर्धे झाले होते. मिशी नव्हती. कानात यंत्र होतं.

"ये रे, गंगाधरा," ते म्हणाले.

अण्णांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. मग कारकुनाच्या जुन्या अदबीने नमस्कार केला.

"कुशाबा परब आहेत का घरी?"

दमयंतीने मनवाकडे बघितलं. मनवा पुढे होऊन सांगणार होती की अण्णा, हेच ते. पण कुशाबांनी काठीचा हात जरासा वर करून तिला थांबवलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीचा होता.

"येतलो तो इतक्यात," ते म्हणाले. "खाली गेलो हा. बसा तुम्ही."

अण्णा कोचावर बसले. कुशाबा त्यांच्या शेजारी बसले. दमयंती चहा टाकायला आत गेली. रस्त्यावरून गाड्यांचा आवाज येत होता. मनवा दाराशी उभी राहून वाट बघत होती, अण्णा आता उठतील, आता फेऱ्या सुरू होतील. तिने त्यांची चप्पलही हाताशी ठेवली होती.

"तुम्ही कुशाबाचे कोण?" अण्णांनी विचारलं.

"मी हयच रवतंय."

"चांगला माणूस आहे," अण्णा म्हणाले. "हाताला फार कसबी. आमच्या मोरीत दिवा त्यानेच लावून दिला."

"एकट्यानं नाय लावला," कुशाबा म्हणाले. "भोक तुम्ही पाडलात."

अण्णांनी मान हलवली, ते पटल्यासारखी. चहा आला. दोघांनी बशीत ओतून घेतला आणि दाराकडे बघत, कुशाबा परब यायची वाट बघत, दोघे म्हातारे शेजारी शेजारी बसून राहिले.